मामाला घेऊन कॉकटेल बारमध्ये: एक एकदम भारी, एक नाव न घेण्यासारखा

मामा आत शिरला आणि पहिलं काय बघितलं असेल तर काउंटरवरचा फडका. लाईट नाही, खालच्या फरश्या नाही, शेजारच्या टेबलावरची नटलेली मंडळी नाही, फडका. "कोरडाय," म्हणाला, "बसूया."

आता हे कळायला मामा कोण ते सांगावं लागेल. माझा मामा ३१ वर्षं परळच्या एका परमिट रूममध्ये होता, आधी वेटर, मग कॅप्टन, शेवटी शेटचा इतका विश्वास की गल्ल्याची चावी याच्याकडे. आजोबा गिरणीत, जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तो काही मिटला नाही, मग ८४ला मामा कॉलेज सोडून ट्रे उचलायला लागला आणि २०१५ला रिटायर झाला. आता डोंबिवलीला असतो, गुडघे दुखतात, पण कुठल्याही हॉटेलात नेला की मान चारी बाजूला फिरते. तर यावर्षी मला बोनस झाला आणि गणपतीत बोलता बोलता मी म्हणाले की ऑफिसच्या लोकांबरोबर गेले होते, नऊशे रुपयाचं एक कॉकटेल होतं. मामाने मोदक हातातच धरला. "नऊशे? एका पेगला? अगं नऊशेत आमच्याकडे चार माणसं उठायची जेवून. चल दाखव मला, असतं काय त्यात." म्हणून हा रिव्ह्यू. दोन ठिकाणी गेलो एकाच संध्याकाळी, पहिल्याचं नाव सांगते कारण कौतुकच करायचंय, दुसऱ्याचं नाही सांगत, भांडण झालं थोडं.

पहिलं ठिकाण द बॉम्बे कँटीन, लोअर परळ, कमला मिल्समध्ये. फेमस आहे, मला माहितीये तुम्ही म्हणाल हे काय नवीन, पण मला मामासाठी असं ठिकाण हवं होतं जिथे दारूबरोबर खायला आपलं काहीतरी मिळेल आणि मेन्यू वाचताना त्याला चष्मा काढून माझ्याकडे बघावं लागणार नाही. गंमत म्हणजे हे सुरू झालं २०१५ला, म्हणजे मामा ज्या वर्षी घरी बसला त्याच वर्षी, आणि त्याच्या परमिट रूमपासून चालत वीसेक मिनिटांवर. आम्ही करी रोडला उतरून डिलाईल रोडने पूल ओलांडून चालतच गेलो, टॅक्सीला तो नाही म्हणाला. वाटेत दर दुसऱ्या टॉवरकडे बोट दाखवून इथे अमुक गिरणी होती, तिथे तमुक गिरणी होती, पगाराच्या दिवशी इथून लाईन लागायची आमच्याकडे, असं चालू होतं. मी हो हो करत होते, खरं सांगायचं तर मला सात वाजताचं बुकिंग चुकेल याचं टेन्शन होतं.

कमला मिल्सच्या आत शिरताना मात्र एकदम गप्प झाला. २०१७च्या डिसेंबरात याच कंपाउंडमध्ये दुसऱ्या एका बिल्डिंगच्या गच्चीवरच्या पबला आग लागली होती, १४ जणं गेली, आठवत असेल सगळ्यांना. मामा म्हणाला मागचा दरवाजा कुठेय ते आधी बघून घे. आणि खरंच बघितला, टॉयलेटला जातो म्हणून उठला आणि चक्कर मारून आला, "आहे, मोकळा आहे, समोर क्रेट रचलेले नाहीत." तेव्हापासून मीपण कुठे गेले की बघते. सवय लावून घ्या.

आम्ही टेबल नाही घेतलं, बारवरच बसलो, उंच स्टुलावर, मामाच्या गुडघ्यामुळे चढायला जरा वेळ लागला पण एकदा बसला तो हलला नाही. बारवर बसणं हे सगळ्यात बेस्ट, टेबलावर तुम्हाला नुसता ग्लास येतो, इथे तो कसा बनतो ते दिसतं, आणि पैसे त्याचेच आहेत. बारटेंडर दार्जिलिंगकडचा पोरगा, पंचवीस-सव्वीसचा असेल. मामाला मेन्यू दिला, मामाने तो बंद करून खाली ठेवला आणि म्हणाला, "रम. गोड नको." मला वाटलं आता तो सोडा की कोक विचारणार. तो म्हणाला, अंकल, ओल्ड फॅशन्ड रम में बना दूँ? ओल्ड फॅशन्ड हे एका कॉकटेलचं नाव, एरवी व्हिस्कीत करतात. मामाला काय कळलं माहीत नाही, मान डोलावली.

आता इथून पुढची दहा मिनिटं मी नुसती मामाच्या तोंडाकडे बघत होते. पोराने मोठा काचेचा ग्लास घेतला, मेजर घेतलं, रम ओतली, काठापर्यंत, इतकी काठापर्यंत की वर फुगा आला पण सांडली नाही. मामा हळूच माझ्याकडे वाकला. "सरळ धरलंय." मला कळेना. मग सांगितलं, पेग मेजर किंचित तिरकं धरलं आणि ओततानाच उचललं की दोन-तीन मिली वाचतात, गिऱ्हाईकाला कळत नाही, आणि ७५०च्या बाटलीत साठचे साडेबारा पेग बसतात त्याचे तेरा होतात, कधी साडेतेरा, रात्री अकरानंतर तर चौदापण होतात म्हणे. "तू करायचास?" मी विचारलं. त्याने शेंगदाण्याची वाटी शोधल्यासारखं केलं. इथे शेंगदाण्याची वाटी नव्हती.

मग कडवट मसाल्याचे दोन-चार थेंब, थोडा साखरेचा पाक, बर्फ, आणि लांब पिळाच्या चमच्याने ढवळणं. शेक नाही, ढवळणं. हे का ते मी आधी वाचलं होतं म्हणून मामासमोर भाव खाल्ला: नुसती दारूच दारू असेल तर ढवळायचं, ड्रिंक काचेसारखं स्वच्छ राहतं, आणि लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा असलं काही असेल तर शेक करायचं म्हणजे हवा भरते आणि फेस येतो. ढवळताना बर्फ जितका वितळतो ते पाणी हा कॉकटेलचाच भाग असतो, चुकून पडलेलं नसतं. आपल्याकडे बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, ते तसंच ओठाला लावलं तर जाळतं, इथे हा पोरगा त्याला पाहिजे तेवढं पाणी पाहिजे तेवढ्या वेळात बर्फातून घालत होता आणि मध्येच चमच्याचा एक थेंब हातावर घेऊन चाखत होता. मामा म्हणाला, "म्हणजे पाणी घालूनच देतात. पण समोर घालतात."

आणि बर्फ! बर्फावर मामा फिदा. ग्लासात एकच तुकडा, चौकोनी, ग्लासाच्या मापाचा, आरपार दिसेल असा, मध्ये पांढरा डाग नाही की बुडबुडा नाही. तो म्हणाला आमच्याकडे पण लादी यायची रोज दुपारी, भुशात गुंडाळलेली, गोणपाटावर टाकून टोच्याने फोडायची, पहिल्या महिन्यात दोनदा टोचा हातात घुसला होता, डाव्या हाताच्या अंगठ्याखाली अजून खूण आहे ती पोराला दाखवली. पोराने पण स्वतःचा हात दाखवला, त्याच्याही बोटावर खूण, लादी कापायच्या करवतीची. "अंकल, आप भी लाईन में थे क्या?" बस्स, मग तिथून पुढे मला कोणी विचारलंच नाही. बर्फ एकाच बाजूने हळूहळू गोठवला की आतली हवा आणि क्षार दुसऱ्या टोकाला ढकलले जातात, तो गढूळ भाग कापून टाकायचा, राहतो तो स्वच्छ, असं त्याने समजावलं. मोठा तुकडा हळू वितळतो कारण वजनाच्या मानाने त्याची बाहेरची बाजू कमी, म्हणून शेवटच्या घोटापर्यंत ड्रिंक पातळ होत नाही. मामाने ते ड्रिंक पाऊण तास पुरवलं. शेवटी संत्र्याची साल ग्लासावर चिमटीत दाबली ना, तो वास मामाने असा घेतला जसा मामी कढीलिंबाच्या फोडणीचा घेते.

मी गिमलेट घेतलं, जिनचं. आता जिनबद्दल थोडं, कारण दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे जिन म्हणजे आजोबांच्या कपाटातली निळी बाटली होती आणि आता बारमागच्या फळीवर अर्ध्या बाटल्या गोव्याच्या. ग्रेटर दॅन नावाची जिन २०१७ला आली, स्ट्रेंजर अँड सन्स २०१८ला, आणि तिथून रांगच लागली. यामुळे बाहेरची महागडी बाटली न उघडता चांगलं कॉकटेल देता येतं, तरी किंमत काही खाली येत नाही हा माझा वेगळा राग. इथलं गिमलेट आंबट-गोड बरोबर होतं, थंडगार, ग्लासपण फ्रिजमधून काढलेला. बास, त्यावर अजून लिहिण्यासारखं काही नाही.

खाण्यावर या. एग्स केजरीवाल मागवलं, मामाने नाव ऐकून "दिल्लीवाले?" विचारलंच. नाही, दिल्लीवाले नाहीत. विलिंग्डन क्लबचे एक मेंबर होते केजरीवाल नावाचे, घरी अंडं चालायचं नाही म्हणून क्लबात येऊन टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि वर अंडं असं करून मागायचे, ते त्यांच्याच नावाने मेन्यूवर चढलं आणि पार न्यूयॉर्कपर्यंत गेलं. तिथे नेणारा शेफ फ्लॉइड कार्डोझ, बॉम्बे कँटीनच्या तीन पार्टनरपैकी एक, बांद्र्याच्या बाजूला वाढलेला, मूळ गोव्याचा. २०११ला अमेरिकेत टीव्हीवरची शेफ लोकांची मोठी स्पर्धा त्याने जिंकली ती फायनलला उपमा करून! मशरूमचा, पण उपमाच. एक लाख डॉलर बक्षीस, चॅरिटीला दिलं. मार्च २०२०मध्ये कोविडने गेला बिचारा, अगदी सुरुवातीच्या लाटेत. हे सगळं मामाला सांगितलं तर त्याला फक्त उपमा लक्षात राहिला, घरी जाऊन मामीला म्हणाला म्हणे, "तुझ्या उपम्याला एक लाख डॉलर मिळाले असते, तू घरात बसून राहिलीस."

केजरीवाल मस्त होतं, पिवळा फोडला की चीजवर ओघळतो आणि मिरची मागून येते, रमबरोबर तर एकदम. पण स्टार म्हणजे अरबी टुक. अळकुड्या हो आपल्या, उकडून, तळहाताने चेपून परत तळलेल्या, टुक हा सिंध्यांचा प्रकार, त्याचं इथे चाट करतात. बाहेरून इतकं कुरकुरीत की मामा चावल्यावर आवाज ऐकायला थांबला. आमच्या घरात अळकुडी म्हणजे घशाला खाजते म्हणून कोणी न खाल्लेली भाजी. चखणा म्हणून याला तोड नाही आणि मामाचं म्हणणं असं की चखण्याचं काम तहान लावणं असतं, खारट, तिखट, कोरडं, म्हणून परमिट रूममध्ये चखणा फुकट, तो फुकट नसतोच, त्याचे पैसे पुढच्या रिपीटमध्ये वसूल होतात. इथे चखण्याचे वेगळे पैसे घेतात, पण निदान चखणा खाण्यासारखा असतो, हे त्यानेच मान्य केलं.

शेवटी गुलाब नट. हे खायलाच जा. गुलाबजाम आणि डोनट यांचं लग्न लावून ओल्ड मंकमध्ये बुडवलंय आणि पिस्त्याचं क्रीम. ओल्ड मंक म्हणजे मामाच्या हातून ३१ वर्षांत किती पेट्या गेल्या असतील त्याची गणतीच नाही, बाटलीचा आकार अंधारात हाताला कळतो म्हणतो. पहिला घास खाऊन म्हणाला, "ही नासाडी आहे." दुसरा खाऊन काही म्हणाला नाही. तिसरा माझ्या वाटणीचा होता.

एक गंमत राहिली. मामा पाकिटातून लॅमिनेट केलेला कागद काढून पोराला दाखवत होता, दारू पिण्याचं परमिट, आजन्म. विसरलोय आपण पण १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे, कायद्याने पिणाऱ्याकडे परमिट लागतं, एक दिवसाचं पाच रुपयाचं, वर्षाचं शंभरचं, आजन्म हजाराचं, आणि वय बिअर-वाईनला २१, बाकीच्याला २५. म्हणून तर नाव परमिट रूम. आजूबाजूच्या टेबलांवर तिशीतली पन्नास माणसं पीत होती आणि अख्ख्या हॉलमध्ये परमिट बहुतेक एकट्या मामाच्या खिशात. पोराने त्याचा फोटो काढून घेतला.

बिल आलं, दोघांचं मिळून स्वस्त नव्हतं, ड्रिंक आठशे-नऊशेच्या घरातलं, मी सांगितलंच होतं. मामाने बिल वाचलं, ओळ न ओळ, पेन असतं तर टिक केली असती. खाण्यावर जीएसटी ५ टक्के, दारूवर जीएसटी नसतो, तिथे राज्याचा व्हॅट, तो नोव्हेंबर २०२३पासून ५चा १० टक्के झालाय. त्याला हे सगळं माहीत, जुलै २०२५मध्ये कर वाढवले म्हणून बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला होता तेव्हा याचे जुने शेट याला फोन करून रडत होते. "नऊशेतले पिण्याचे किती?" मी विचारलं. त्याने बोटावर हिशोब केला: बाटलीचे एवढे, बर्फाचे एवढे, भाड्याचे तर विचारूच नको, आणि पोराच्या हाताचे. "हाताचे कमी लावलेत," म्हणाला.

इथेच थांबायला हवं होतं आम्ही. पण मला अजून एक जागा दाखवायची होती, नवीन उघडलेली, इन्स्टाग्रामवर सगळीकडे दिसतेय, जवळच, टॅक्सीने दहा मिनिटं. नाव घेत नाही. बुकिंग करतानाच माणशी हजार आधी घेतले होते, बिलातून वजा होतील म्हणे, आणि दीड तासाचा स्लॉट. दीड तास! डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे का.

दारात बाऊन्सर. माझ्याकडे बघितलं, ठीक. मामाच्या पायांकडे बघितलं. मामाने इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, पॅन्ट आणि चामड्याचे सँडल घातले होते, पॉलिश केलेले. "सर, क्लोज्ड शूज ओन्ली." माझं डोकं फिरलं. बुकिंगच्या मेसेजमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं, मी मोबाईल काढून दाखवला, मॅनेजर आली, मी जरा मोठ्याने बोलले, मागे रांग लागली, मग "जस्ट धिस वन्स मॅम" करून सोडलं. मामा या सगळ्यात शांत उभा होता, जसा काही हा प्रॉब्लेम दुसऱ्या कोणाचा आहे. आत गेल्यावर म्हणाला, आम्ही पण बनियनवर आलेल्याला घेत नव्हतो, फॅमिली सेक्शन होता वर. पण मागच्या खिळ्याला एक शर्ट टांगलेला असायचा, धुतलेला, आला कोणी तसा तर तो द्यायचा, घाल आणि बस, जाताना काढून दे. "पाठवून दिला तर बाजूच्या बारमध्ये जाईल ना तो."

आत अंधार असा की मेन्यूसाठी मोबाईलचा टॉर्च, मेन्यू क्यूआर कोडवर, नेटवर्क नाही. म्युझिक इतकं मोठं की मामा आणि मी शेजारी बसून एकमेकांना मेसेज करत होतो, खरंच, त्याने पहिला मेसेज पाठवला "पाणी". पाणी मागितलं तर स्टिल की स्पार्कलिंग. साधं म्हटलं तर वेटरने ऐकू न आल्यासारखं करून काचेची बाटली उघडली, ३५० रुपये. लक्षात ठेवा, साधं पिण्याचं पाणी मागायचा तुम्हाला हक्क आहे, लाजू नका, मी लाजले.

मी घेतलेल्या कॉकटेलवर, ११०० रुपये, एक धुराचा फुगा बसवून आणला होता. व्हिडिओ काढायचा, बोट लावायचं, फुगा फुटतो, धूर पसरतो, आजूबाजूचे आ करतात. आणि मग खाली जे उरतं ते गोड सरबत. शप्पथ सांगते, कोकणातल्या कुठल्याही घरात यापेक्षा चांगलं कोकम सरबत मिळतं. धुराचं काम संपल्यावर ड्रिंकचं काम सुरू व्हायला हवं ना, इथे तिथेच संपलं. मला गेल्या एप्रिलमधली पणजी आठवली, फोंतेन्हासमधला जोसेफ बार, एवढीशी जागा, निम्मी माणसं ग्लास घेऊन गल्लीत उभी, आणि उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, उन्हाळ्यापुरतीच मिळते, त्यात लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. पैशाचं म्हणाल तर इथल्या पाण्याच्या बाटलीच्या आतबाहेर. तिथे मला कोणी पाय दाखवा म्हटलं नाही.

पण खोटं का बोलू, मामाचं ड्रिंक इथेही जबरदस्त होतं. १२५०चं, सगळ्यात महाग, वेटरने सांगितलं क्लॅरिफाइड मिल्क पंच. आलं ते पाण्यासारखं, हलका सोनेरी रंग, एकदम पारदर्शक. मामा म्हणाला दूध कुठेय. मी वेटरला थांबवून विचारलं तर तो बारवरच्या पोराला बोलवायला गेला, आणि तो बिचारा एवढ्या गर्दीत आला आणि कानात ओरडून समजावलं. रम, चहा, लिंबाचा रस, मसाले एकत्र करायचे, ते दुधात ओतायचं. दूध नासतं. मग ते गाळत बसायचं, तासन् तास, फडक्यातून, पेपरमधून. दुधातलं जे फाटून साका होतं ते चहाचा तुरटपणा आणि रंग धरून ठेवतं, खाली येतं ते स्वच्छ आणि मऊ. महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला जे गढूळ पाणी येतं ते फेकायचं नाही, परत त्याच साक्यावर ओतायचं, तो साकाच गाळणी होतो.

मामा सगळं ऐकून माझ्या कानात ओरडला, "म्हणजे पनीरचं पाणी! बाराशे पन्नासला!" आणि एक घोट घेतला. मग दुसरा. मग चेहऱ्यावर ते आलं जे गुलाब नटच्या दुसऱ्या घासाला आलं होतं. मीपण चाखलं. रेशमी हा शब्द दारूबद्दल मी कधी वापरला नव्हता पण दुसरा नाही सापडत. चहाचा वास आहे, लिंबू आहे, रम मागे उभी आहे, आणि घशाला काही म्हणजे काही लागत नाही. म्हणजे बघा, हात आहे त्या बारमध्ये, मागे कोणीतरी पोरगं दोन दिवस आधी दूध नासवून गाळत बसतंय, आणि पुढे मालकाने त्याच्यावर धूर, फुगे, बाऊन्सर आणि ढिंच्याक म्युझिक चढवून ठेवलंय. याचाच राग जास्त आला मला. वाईट दारू देणारे असते तर हसून निघून आले असते. एक प्लेट घेतली होती ७५०ची, त्यात चार तुकडे, काहीतरी मशरूमचं. चार.

बिल. ३४५० आणि वर सर्व्हिस चार्ज १० टक्के म्हणजे ३४५, मग टॅक्स, चार हजारांच्या वर. मी सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला. जुलै २०२२ला ग्राहक संरक्षणवाल्यांच्या गाइडलाइन आल्यात की आपोआप बिलात लावायचा नाही, मार्च २०२५ला दिल्ली हायकोर्टाने त्या उचलून धरल्या, एवढं मला पाठ आहे, दर वेळी लागतं. मॅनेजर म्हणाली मॅम हा स्टाफला जातो. आता माझा आवाज चढणार एवढ्यात मामाने तिला मराठीत विचारलं, "बाय, कधी जातो? महिन्याला की आठवड्याला? आणि भांडी घासणाऱ्याला किती?" ती गप्प. त्याला ३१ वर्षांचा अनुभव, त्यांच्याकडे टिपचा डबा होता, रोज रात्री शटर अर्धं ओढलं की टेबलावर उलटा करायचा आणि सगळ्यांसमोर वाटायचा, मोरीवरच्या पोराचा वाटा आधी काढायचा. तिने चार्ज काढून नवीन बिल आणलं. मामाने स्वतःच्या खिशातून पाचशेची नोट काढली, गर्दीतून वाट काढत बारपर्यंत गेला आणि त्या दूध नासवणाऱ्या पोराच्या हातात दिली, मुठीत, कोणाला दिसणार नाही अशी. म्हणजे ३४५ वाचवायला मी भांडले आणि पाचशे गेले.

तर ज्यांना फक्त कामाचं वाचायचंय त्यांच्यासाठी: बॉम्बे कँटीनला जा, वीकडेला लवकर जा, बारवर बसा, मेन्यू सीझनप्रमाणे बदलत असतो त्यामुळे आम्ही खाल्लेलं सगळं असेलच असं नाही, पण गुलाब नट असेल तर सोडू नका आणि वाटून खाऊ नका. बारवाल्याला सरळ सांगा तुम्हाला काय आवडतं काय नाही, नावं पाठ असायची गरज नाही. दोघांचं बजेट जरा मोकळं ठेवा. दुसऱ्या जागेचं नाव कमेंटमध्ये विचारू नका, देणार नाही. पायात बूट घालून जा एवढंच सांगते.

परवा मामीचा फोन आला होता. मामाने घरी करून बघितलं. ओल्ड मंकचा अर्धा खंबा, चहा, लिंबू, गोकुळचं अर्धा लिटर दूध, चक्क्याचं फडकं नळाला बांधून रात्रभर टांगलं. खाली पातेल्यात जे जमलं ते गढूळ, घावन्याच्या पिठासारखं. पहिलं गढूळ पाणी परत वर ओतायचं असतं हे त्या म्युझिकमध्ये त्याला ऐकूच आलं नव्हतं. फडक्यात राहिलेलं पनीर मामीने न विचारता सकाळच्या पराठ्यात घातलं, आणि आता सोसायटीतल्या दोघी जणी रेसिपी मागतायत.